टांगलेल्या द्राक्षांमागे

"खिडकी उघड," शिडीच्या वरच्या पायरीवरून एर्सिलिया म्हणाली.

"नको," मी म्हणालो.

"कोरडा वारा सुटलाय. उघड."

"खाली रस्ता आहे. कुणी वर बघितलं तर?"

"कुणी वर बघू नये असं वाटत असेल तर उघड."

मला तिचं बोलणं उमगेना. तिची भाषा मला तेव्हा अर्धीमुर्धीच येत होती, पण इथे शब्द अडत नव्हते. ती उरलेली पायरी चढून माळ्यावर आली, कमरेवर हात ठेवून दम खात उभी राहिली आणि बंद झडपेकडे बोट करून म्हणाली, "त्या फटीला डोळा लाव. समोरच्या उतारावर बघ."

मी गुडघ्यांवर सरकत गेलो. कितीतरी दिवस दरीत साचून राहिलेलं धुकं त्या सकाळी उडून गेलं होतं. समोरच्या उतारावर दगडी घरं विखुरलेली होती आणि प्रत्येक घराच्या माळ्याच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. एकही बंद नव्हती.

"धुकं आलं की बंद करायच्या, वारा आला की उघडायच्या," ती म्हणाली. "या दरीत शेंबड्या पोरालाही हे कळतं. आज एकच खिडकी बंद दिसली तर रस्त्यानं जाणारा काय म्हणेल? एर्सिलिया मेली, नाहीतर काहीतरी लपवतेय. आणि मी मेलेली नाही हे काल चर्चमध्ये सगळ्यांनी बघितलंय."

मी खिडकी उघडली. झडपेची कडी दोनदा निसटली.

ही एकोणीसशे त्रेचाळीस सालच्या डिसेंबरातली गोष्ट. इटलीत मार्के नावाचा प्रांत आहे, त्यात डोंगराच्या कुशीत सेर्रापेत्रोना नावाचं गाव. त्या गावाच्या वरच्या अंगाला एर्सिलियाचं घर होतं. मी दौलत इंगवले, पाटण खोऱ्यातला, पूल-रस्ते बांधणाऱ्या खडकीच्या सॅपर्स पलटणीतला साधा शिपाई. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेलो आणि जहाजातून इटलीला येऊन वर्षभर काटेरी तारेच्या आत राहिलो. सप्टेंबरात इटलीनं लढाई सोडली तेव्हा छावणीचे पहारेकरी पळून गेले आणि आम्ही फाटकातून बाहेर पडलो. पण जर्मन फौजा देशभर पसरत होत्या. आम्ही डोंगर धरले, वाटेत पांगापांग झाली, आणि ऑक्टोबरात मी एकटाच या बाईच्या दारात पाणी मागायला उभा राहिलो.

तिच्या घरात ती आणि तिची सहा वर्षांची नात मिरेल्ला, दोघीच. मिरेल्लाची आई बाळंतपणात गेलेली. बाप, म्हणजे एर्सिलियाचा मुलगा, रशियाच्या आघाडीवर गेला होता आणि वर्षभर त्याची काही खबर नव्हती. द्राक्षं काढायला आलेली आणि काढायला माणूस नाही. तिनं मला पाणी दिलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हातात टोपली दिली.

चर्चच्या भिंतीवर जर्मनांचा जाहीरनामा लागला होता. पळालेल्या कैद्याला जो आसरा देईल त्याला गोळी घालू आणि त्याचं घर जाळू. मला तो एर्सिलियानंच सांगितला, भाजी चिरता चिरता.

"मग मला का ठेवलंत?" मी विचारलं.

"तुझे हात लांब आहेत," ती म्हणाली. "वरच्या दांड्यांना पोचतात."

दांड्या म्हणजे माळ्यावरच्या. त्या डोंगरात वेर्नाच्चा नावाची काळी द्राक्षं होतात. त्यांची दारू करायची तिथली रीत निराळी. निम्मं पीक ऑक्टोबरातच चेचून रस पिंपात भरायचा. उरलेल्या निम्म्याचे घड दोन-दोन करून सुतळीनं जोडायचे आणि माळ्यावर आडव्या दांड्यांवर टांगून ठेवायचे, ते थेट जानेवारीपर्यंत. तोवर द्राक्षं सुरकुततात, मनुक्यांच्या वाटेला लागतात, गोडी दाटते. मग त्यांचा रस काढून पिंपातल्या दारूत ओतायचा की पिंप पुन्हा फसफसायला लागतं. पुढे बाटलीत भरल्यावर आणखी एकदा. अशी तीनदा फसफसलेली ती लाल, फेसाळ दारू लग्नाला, बारशाला आणि सणासुदीला काढायची. दरीबाहेर तिचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं.

टांगलेल्या घडाला हात लावायचा नाही, हा तिथला कडक नियम. एक मणी फुटला तर रस शेजारच्यावर उतरतो, बुरशी धरते आणि बघता बघता अख्खी दांडी जाते. नासका मणी दिसला तर तो छोट्या कात्रीनं, श्वास रोखून काढायचा. दांड्यांमधून जायचं झालं तर वाकून, घडांच्या खालून जायचं. एर्सिलियाला मी कधी ताठ उभं राहून माळ्यावर चालताना बघितलं नाही.

या नियमावर तिनं माझा जीव टांगला होता. हे अगदी शब्दशः खरं आहे. माळ्याच्या आतल्या टोकाला, भिंतीलगतच्या शेवटच्या दांडीमागे, तिनं आढ्याला दोर बांधून एक फळी लोंबती ठेवली होती. तिच्यापुढे घडांची दुहेरी रांग. मी त्या फळीवर पाय पोटाशी घेऊन उकिडवा बसायचो.

"इथला माणूस झडतीला आला," तिनं मला समजावलं होतं, "तर तो घड बाजूला सारणार नाही. त्याच्या हातानं ते होणारच नाही. तो वाकेल आणि घडांखालून पाय दिसतात का बघेल. पाय दिसले नाहीत की गेला."

"आणि जर्मन आला तर?"

"तो संगिनीनं सगळं फाडेल. मग तू गेलास, मी गेले आणि द्राक्षंही गेली." तिनं दोराची गाठ पुन्हा ओढून बघितली. "त्याच्यासाठी खाली जुन्या बाटल्या आहेत. त्याला स्वयंपाकघरातच बसवायचा."

राहता राहिली मिरेल्ला. लहान मूल कुठे काय बोलेल याचा नेम नाही, म्हणून एर्सिलियानं माझ्याबद्दल तिला काही सांगितलंच नव्हतं. उलट ती माळ्याकडे फिरकू नये म्हणून तिला भीती घातली होती, की वर मात्सामुरेल्लो राहतो. हा त्यांच्याकडचा घरभुताचा प्रकार. बुटका असतो, माळ्यावर राहतो, ठकठक करतो, वस्तू लपवतो. एर्सिलिया इतकी हुशार बाई, पण इथे चुकली. ज्या मुलीला घरात खेळायला कुणी नाही, तिला तुम्ही सांगता की वर एक भूत आहे! दुसऱ्याच दिवशी ती शिडी चढून आली, वाकून घडांखालून पुढे सरकली आणि वर मान करून माझ्याकडे बघत बसली.

"तू बुटका नाहीस," ती म्हणाली.

मी पाय आणखी पोटाशी ओढले.

"पाय लांब करून दाखव."

मी पाय सोडले.

"मोठा मात्सामुरेल्लो आहेस," तिनं ठरवून टाकलं. "आणि काळा. आजोबांचा कोट का घातलास?"

"थंडी वाजते," मी म्हणालो.

तिला ते पटलं. त्यानंतर ती रोज यायची. मी तिच्या आजीला सांगितलं. आजीनं कपाळाला हात लावला, पण मग म्हणाली, "असू दे. भुताबद्दल बोलली तर कोण विश्वास ठेवतो? माणसाबद्दल बोलली तर मेलोच." आम्ही तसंच चालू दिलं. ती मला वस्तूंची नावं शिकवायची आणि चुकलं की बोटावर टिचकी मारायची. मी तिला गळून पडलेल्या वाळक्या देठांवर आकडे मोजायला शिकवले. तिला तिच्या भाषेतले वीसपर्यंत येत होते, म्हणून मी आपले शिकवले. पुढे गावी परतल्यावर मी उभा जन्म शाळेत मुलांना आकडे शिकवले. पण इतक्या लवकर पाठ करणारं मूल पुन्हा भेटलं नाही.

त्या सकाळी खिडकी उघडल्यावर वारा आत आला आणि सगळे घड हलायला लागले. एरवी ते भिंतीसारखे स्थिर असत. आता त्यांच्यात फटी पडत आणि मिटत होत्या. मी फळीवर बसून त्या फटींतून रस्त्याचा एक तुकडा बघत होतो. मला वाटत होतं, मला रस्ता दिसतो तर रस्त्यालाही मी दिसत असणार.

थोड्या वेळानं त्या तुकड्यातून एक मोटारसायकल वर आली. शेजारी माणूस बसायचा खोका जोडलेली. तिघे जण. दोघांच्या डोक्यावर जर्मन शिरस्त्राणं. तिसऱ्याच्या अंगात काळा सदरा.

गाडी आमच्या अंगणात थांबली.

माळ्याची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि खालीच स्वयंपाकघर. खालचं बोलणं वर स्वच्छ ऐकू येई. मी गुडघे छातीशी घट्ट ओढले आणि आजोबांच्या कोटाची बाही तोंडात धरली, कारण गेले दोन दिवस मला खोकला होता.

"एर्सिलियामावशी, पाहुणे आणलेत," एक तरुण आवाज म्हणाला. गावातल्या मोठ्या बायकांना तिथेही मावशीच म्हणतात.

"ओतेल्लो! पाय पूस आधी. आईचं कसं काय?"

"गुडघे धरलेत. खाली उतरवत नाही."

ओतेल्लो हे नाव मी ऐकून होतो. त्याच्याबद्दल एर्सिलियानं मला सांगितलं होतं. समोरच्या उतारावरच्या रोझाबाईचा थोरला. लहानपणी एर्सिलियाच्या अंजिरांवर दगड मारणारा. पुढे सैन्यात जाऊन आफ्रिकेत कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होता, ताप लागला म्हणून परत आला. आता फॅसिस्टांचा काळा सदरा घालून जर्मनांना घरं दाखवत फिरत होता. त्याला प्रत्येक घराचं मागचं दार माहीत होतं.

बाटलीचं बूच उडाल्याचा आवाज आला. पेले मांडले गेले. जर्मनांपैकी एक जण मोठ्यानं काहीतरी म्हणाला आणि हसला. एर्सिलियाचा बेत बरोबर चालला होता.

"मिरेल्ला, केवढी मोठी झालीस!" ओतेल्लो म्हणाला. "शाळेत जातेस का?"

"शाळा बंद आहे."

"मग अडाणीच राहणार तू."

"नाही राहणार. मला वीसपर्यंत येतं."

"वीसपर्यंत? खोटं!"

तिनं वीसपर्यंत म्हणून दाखवलं. मला तिचा आवाज ओळखीचा होता. पाठ झालेलं म्हणताना ती शेवटचा आकडा जोरात म्हणायची.

"वा," ओतेल्लो म्हणाला.

"आणि मात्सामुरेल्लोच्या भाषेतही येतं."

"कुणाच्या?"

"मिरेल्ला, कोंबड्यांना दाणे टाकून ये," एर्सिलिया घाईनं म्हणाली.

"टाकले मघाशी. मात्सामुरेल्लोच्या भाषेत. ऐक. एक, दोन, तीन, चार..."

खाली सगळं थांबलं. निदान मला तरी दुसरं काही ऐकू येईना.

छावणीत रोज सकाळी हजेरी व्हायची. आम्ही रांगेत उभे राहून एक, दो, तीन, चार म्हणत जायचो आणि पहारेकरी शेजारून चालत मोजायचे. आफ्रिकेतही तसंच होतं. आमच्यावर ज्यानं एक दिवस जरी पहारा केला असेल त्याच्या कानात ते आकडे बसलेच असणार.

"...पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा!" तिनं दहा जोरात म्हटलं.

"हे तुला कुणी शिकवलं?" ओतेल्लोचा आवाज आता हलका झाला होता.

"त्यानंच. तो वर असतो. काळा आहे. आजोबांचा कोट घालतो."

"भुताखेताच्या गोष्टी सांगते मी तिला," एर्सिलिया म्हणाली. तिचा आवाज मला अनोळखी वाटला. "माळ्यावर जाऊ नये म्हणून. ती आपल्या मनानं काहीही जोडते."

एका जर्मनानं काहीतरी विचारलं. बहुधा पोरगी काय म्हणते असं. ओतेल्लोनं मोडक्या जर्मनमध्ये उत्तर दिलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. जर्मन दोघेही हसले. मग खुर्ची मागे सरकली.

"मी वर बघून येतो," ओतेल्लो म्हणाला. "हे वर गेले तर तुझी द्राक्षं राहायची नाहीत, मावशी. तू यांना दुसरी बाटली दे आणि माझ्यामागून ये. मिरेल्ला, तू इथेच बस. या काकांना आकडे म्हणून दाखव. आपल्या भाषेतले."

शिडी वाजली. एक पायरी, दुसरी पायरी. बूट जड होते.

तेव्हा मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. रणांगणावर भीती वाटते, पण तिथे पळता येतं, हातात काहीतरी असतं. इथे मी एका फळीवर अंग आकसून बसलो होतो आणि माझ्याबरोबर खाली एक म्हातारी आणि एक मूल मरणार होतं. ते मूल या क्षणी शत्रूंना आकडे म्हणून दाखवत होतं. खोकला घशाशी आला होता. मी कोटाची बाही इतकी चावली की तोंडात लोकरीचे धागे आले.

बूट माळ्यावर आले. थांबले. मागोमाग एर्सिलियाची पावलं.

ओतेल्लो वाकला. तिनं सांगितलं होतं अगदी तसाच. मला फटीतून त्याची पाठ दिसली. त्यानं डोकं जमिनीजवळ नेलं आणि घडांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. पाय दिसले नाहीत.

तो सरळ झाला नाही. तसाच वाकून, एकेका रांगेखालून, पुढे सरकत आला. वाऱ्यानं घड हलत होते. तो माझ्यासमोरच्या रांगेशी येऊन थांबला. त्याच्या श्वासाला मघाच्या दारूचा वास येत होता, म्हणजे तो इतका जवळ होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "पाय कुठे आहेत?"

"कुणाचे?"

"त्याचे."

"कुणाचे रे? डोकं फिरलं का तुझं?"

"मावशी, वेळ नाही. ते दोघं बाटली संपवतील. पाय कुठे ठेवलेस ते सांग."

एर्सिलियानं शिडीकडे वळून बघितलं.

"आमच्या सेकोंदोचे दिसतात," ओतेल्लो म्हणाला.

सेकोंदो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. सप्टेंबरात फौज सोडून आलेला. जर्मनांनी त्याला पकडून आगगाडीतून जर्मनीला नेलं असं सगळी दरी म्हणत होती. रोझाबाई तेव्हापासून काळे कपडे घालत होती.

"आम्ही त्याला शेवटच्या रांगेमागे उभा करतो," ओतेल्लो कुजबुजत घाईनं सांगत होता. "काल मी घरी जाऊन वाकून बघितलं तर बूट दिसतात. बूट काढले तर पाय दिसतात. पुढे टोपल्या ठेवल्या. पण या दिवसांत द्राक्षांखाली टोपल्या कोण ठेवतं? इथला माणूस लगेच म्हणेल, या टोपल्या कशाला? उद्या समोरच्या उताराची झडती आहे. माझं घर आहे म्हणून मला नेणार नाहीत. वरच्या गावची काळ्या सदऱ्यांची आपली माणसं येणार. ती वाकून बघणार, मावशी."

खालून मिरेल्लाचा आवाज येत होता. अकरा, बारा, तेरा. त्यांच्या भाषेत.

एर्सिलिया वाकून पुढे आली. तिनं दोन घडांच्या मधून हात घातला, एकही मणी न दुखावता सुतळ्या अलगद बाजूला केल्या आणि मी दिसलो.

ओतेल्लोनं माझ्याकडे बघितलंच नाही. तो दोराकडे बघत होता. दोर कुठून आला, आढ्याला कसा बांधला, फळी केवढी. त्याचं वय माझ्याएवढंच असेल. त्यानं फळीची लांबी हातावर मोजली, मग जमिनीपासून फळीपर्यंत वीत टाकली.

"दोर वाजत नाही?"

"गाठींना मेणबत्ती चोळ."

"आणि वजन?"

"तुमचा सेकोंदो याच्याहून जाड आहे. दोर दुहेरी घे."

त्यानं मान हलवली. मग फळी किती झुलते ते बघायला माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती जराशी ढकलली, जसं एखाद्या दाराची बिजागरी तपासावी. मी हललो. तेव्हा कुठे त्यानं वर माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि आफ्रिकेत आमच्यावर पहारा करताना शिकलेला बहुधा एकुलता एक हिंदुस्थानी शब्द तो बोलला.

"बैठो," तो म्हणाला.

मी आधीपासूनच बसलो होतो.

तो शिडीवरून उतरत मोठ्यानं म्हणाला, "काही नाही. द्राक्षं आहेत नुसती!" खाली तो मिरेल्लाला काय म्हणाला तेही मी ऐकलं. "पोरी, मात्सामुरेल्लोची भाषा माणसांसमोर बोलायची नसते. त्याला राग आला की पिंपातली दारू आंबते."

"खरंच?"

"माझ्या आजोबांची आंबली होती."

गाडी चालू झाली. मी फटीतून बघितलं. ती दरीत उतरली, पूल ओलांडून समोरच्या उतारावर चढली आणि एका घरासमोर थांबली. काळा सदरा आत गेला. थोड्याच वेळानं बाहेर आला आणि गाडी वळणाआड गेली.

एर्सिलिया वर येऊन जमिनीवर बसली. तिला मी असं बसलेलं प्रथमच बघत होतो.

"ते रोझाचं घर?" मी विचारलं.

"हो."

"मग खरं बोलला तो."

"आईच्या घरी थांबला, एवढंच आपण बघितलं." तिनं तोंडावरून हात फिरवला. "सप्टेंबरापासून रोझा चर्चमध्ये रडते. मी तिला धरून बसले आहे, तिच्याबरोबर रडले आहे. एकतर रोझा तेव्हा खोटं रडत होती, नाहीतर ओतेल्लो आत्ता खोटं बोलला. रोझाचे भाऊबंद आहेत, पण त्यांना तरी कसं विचारायचं?"

"त्याला सापळाच लावायचा असता तर दोघे जर्मन खाली होतेच की."

"दोघे. त्यांना घर जाळायला दहा लागतात. तो ते आणायला गेला नसेल कशावरून?"

"मी जातो," मी म्हणालो. "आत्ता जातो. डोंगरावर."

"या उन्हात? चारी बाजूंनी दिसशील. आणि तू गेलास तरी फळी आहे."

"फळी काढू."

"मग अंधार पडेपर्यंत तू कुठे बसशील?"

मी पाय पुन्हा फळीवर घेतले.

ती दुपार मी विसरलेलो नाही. एर्सिलियानं मिरेल्लाला कोट घातला, बूट घातले, रुमालात भाकरीचा तुकडा आणि चीज बांधून तिच्या खिशात कोंबलं आणि तिला मागच्या दाराशी बसवलं. "आपण कुठे जाणार?" मिरेल्ला विचारायची. "कुठेच नाही," आजी म्हणायची. "मग कोट का?" "थंडी आहे." चुलीवर मक्याचं पीठ शिजत होतं, आपल्या घाट्यासारखं, ते करपलं तरी कुणी उठलं नाही. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. चाकांचा आवाज लांबून आला तेव्हा मला तो लष्करी ट्रक वाटला आणि मी पुन्हा बाही तोंडात धरली. वारा तसाच वाहत होता. घड हलत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना करताना शब्द विसरलो.

ऊन समोरच्या उतारावर सरकलं तेव्हा तो आवाज आला. खर्र, खर्र. थांबला. पुन्हा खर्र, खर्र.

एर्सिलिया शिडीवर अर्धी चढून थबकली.

"करवत आहे," मी म्हणालो.

"कुठून?"

मी खिडकीच्या कडेनं डोळा लावला. "समोरून. त्याच घरातून."

ती ऐकत राहिली. तिचे ओठ हलत होते.

"ओतेल्लो तर गाडीवर बसून गेला," ती म्हणाली. "रोझाच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तर करवत काय झेपणार? घरात तिसरं माणूस नाही."

"आहे," मी म्हणालो. "फळी कापतोय."

तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि मोठा श्वास सोडला. पण तो श्वास सुटतो न सुटतो तोच तिचा चेहरा पुन्हा बदलला. आता मलाही कळलं. वाऱ्यानं तो आवाज अख्ख्या दरीत पसरत होता. पुलाजवळ जर्मनांची चौकी होती. ज्या घरात एकटी म्हातारी राहते असं सगळ्यांना माहीत, त्या घरात तरण्या हातांनी चाललेली करवत पुलापर्यंत जात होती.

"गाढव कुठला," एर्सिलिया म्हणाली. "दिवसाउजेडी!"

ती शिडीवरून जवळजवळ पडतच उतरली. मागच्या दाराशी ठेवलेली कुऱ्हाड तिनं उचलली आणि अंगणात जाऊन लाकडं फोडायला लागली. लाकडं फोडलेली होतीच. कडेला रचून ठेवलेली होती. ती फोडलेलीच पुन्हा फोडत होती. ठाक, ठाक, ठाक. समोरची करवत तिच्या घावांत बुडायला लागली.

मिरेल्लानं दाराशी उभं राहून विचारलं, "आजी, किती फोडणार?"

"मोज तू," आजी म्हणाली.

मी फळीवर बसून ऐकत होतो. थोड्या वेळानं खालच्या वस्तीवरून दुसऱ्या कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला. मग चर्चच्या मागून हातोडीचा. मग ओढ्याच्या पलीकडून, जिथे घर आहे हेही मला ठाऊक नव्हतं तिथून, पिंपावर लाकूड आपटल्यासारखा. कुणी कुणाला हाक मारली नाही. करवत मध्येच थांबली की बाकीचे थांबत नव्हते. ती पुन्हा सुरू झाली की ते आणखी जोरात घाव घालत होते. अंधार पडेपर्यंत त्या दरीत कुणाचाही हात थांबला नाही.